शाळेच्या मागच्या बाजूला
फिनेलचा वास आला की मला तो दिवस आठवतो, पोरगी सातवी पास झाली तेव्हाचा. तिच्या मिस आपणहून घरी आल्या आणि कन्नडात म्हणाल्या, "अक्का, हिला जवळच्या हायस्कूलात नको, जयनगरला घाला." मी हळदीकुंकू दिलं, हसले, पण मनात म्हटलं, ह्या बाईला काय एवढं पडलंय, पोर तिथे नेली की काही मिळतं की काय? जवळची शाळा घरातून दिसते, आणि जयनगरला बस बदलून जायचं, एकटी पोर! "स्वल्प, जरासं येऊन बघा तरी," म्हणाल्या, म्हणून गेले. तिथला शिपाई मिसना बघून ओळखीचं हसला. मी चप्पल काढतेय तोवर मिस पोरीला घेऊन शाळेच्या मागे गेल्या, मी धावतच सुटले. बघते तर पोरगी संडासात, आणि मिस बाहेरून सांगतायत, "कडी लाव, मी ढकलते." जोर लावून ढकललं, दार हललं नाही. मला धापा टाकताना बघून म्हणाल्या, "काय अक्का, पळवून नेत नव्हते हो! तुमच्या जवळच्या शाळेत संडासाला कडीच नाही. मुली दिवसभर पाणी पीत नाहीत, आणि पाळी सुरू झाली की यायच्याच बंद होतात." मी पण सातवीनंतर तशीच घरी बसले होते, का ते कुणी विचारलंच नव्हतं. "सरी मिस, बरं, इथेच घालते," म्हटलं. आता पोरगी नववीत आहे, बसला उशीर झाला की अजून नको नको ते मनात येतं, पण पाण्याची बाटली रिकामी करून येते ती.