शेंदरी मासे, कणकेच्या गोळ्या

बाबांना समुद्राकडे जाऊ द्यायचं नसेल तर समुद्रच घरी आणावा, ही कल्पना माझी. ती सुचली तेव्हा मी स्वतःवर इतका खूश झालो की टावर चौकात जाऊन एकट्याने कुल्फी खाल्ली. तेव्हा मी उज्जैनच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत होतो आणि आपल्याला माशांतलं कळतं, अशी माझी प्रामाणिक समजूत होती. खरं तर समुद्रातले मासे मी आमच्या विभागाच्या कपाटातच पाहिलेले. फॉर्मेलिनच्या बरण्यांत ते वर्षानुवर्षं उभे होते आणि सगळ्यांचा रंग एकच होता, जुन्या वर्तमानपत्राचा.

बाबा मालवणजवळच्या एका गावचे. रेल्वेत गार्ड म्हणून लागले, बदली उज्जैनला झाली आणि लग्नही इथेच झालं. आई इथल्या जुन्या मराठी घराण्यातली. तिचे पूर्वज दरबारात कारकुनी करायला आले होते, आणि तिच्या माहेरी कांदासुद्धा जरा संशयानेच चिरला जायचा. "मासे सोडत असाल तर मुलगी देतो," असं आजोबांनी बाबांना तोंडावर सांगितलं. बाबांनी मासे सोडले. ड्यूटीवर बाहेरगावी असताना कोण बघायला येणार होतं? पण तिथेही त्यांनी शब्द मोडला नाही. बदल्यात मागितलं एवढंच की निवृत्त झाल्यावर गावी जाऊन राहू. आई लग्नानंतर एकदाच त्या गावाला गेली होती आणि वाळत घातलेल्या मासळीच्या वासाने परत येईपर्यंत अंथरुणाला खिळून होती. तरी ती हो म्हणाली. निवृत्ती तेव्हा फार लांब होती.

निवृत्ती आली. बाबांनी पलंगाखालची ट्रंक काढून उन्हात ठेवली. आई म्हणाली, "तुम्ही जा. माझ्याकडून नाही होणार." पण ट्रंक परत पलंगाखाली गेली नाही, ती खोलीच्या कोपऱ्यात उभी राहिली. मी एकुलता एक, बिनलग्नाचा, आणि मला दोघंही घरात हवी होती. त्यात उदात्त काही नव्हतं. मला चहासुद्धा करता येत नव्हता.

घरात नुकतीच केबल आली होती. देशाचे दरवाजे उघडले असं जे म्हणत होते, त्याचा आमच्या घरापुरता अर्थ इतकाच होता की इंग्रजी बोलणारा एक माणूस आता आमच्या बैठकीत पाण्याखाली पोहायचा आणि बाबा जेवण विसरून त्याच्याकडे बघत बसायचे. ते बघूनच मला माझी कल्पना सुचली. इंदूरला एका दुकानात परदेशी माल येऊ लागला होता. काचेची टाकी, हवेचा पंप, समुद्राचं पाणी बनवायचं मीठ, सगळं मिळत होतं. मी तिथून दोन क्लाऊन मासे घेतले. बोटाएवढे, अंगावर पांढरे पट्टे आणि रंग असा शेंदरी की आपल्याकडच्या कुठल्याही मारुतीने मान्य करावा. पिशवी मांडीवर घेऊन मी बसने परत निघालो. शेजारचा माणूस वाटेतल्या सांवेरपर्यंत गप्प होता, मग त्याने विचारलं, "भैया, इतने छोटे? इससे सब्जी कैसे बनेगी?"

बाबांनी पहिल्यांदा टाकी पाहिली तेव्हा चष्मा पुसून पुन्हा पाहिली. खुर्ची ओढून समोर बसले ते दुपारच्या जेवणापर्यंत उठले नाहीत. दुसऱ्या दिवशी कोपऱ्यातली ट्रंक पलंगाखाली गेलेली होती. मी कॉलेजात जाऊन भेटेल त्याला सांगितलं की मानसशास्त्रही शेवटी प्राणिशास्त्रातच मोडतं.

अडचण आली ती खाण्याची. दुकानदाराने माशांसाठी जे खाणं दिलं होतं त्या पाकिटावर वाळवलेल्या कोळंबीचं चित्र होतं. आईने पाकीट लांबूनच वाचलं आणि निकाल दिला. "जिवंत आले ते पाहुणे. मेलेला मासा या घरात नाही येणार." मग काय घालायचं? तिला तो प्रश्नच वाटला नाही. रामघाटावर तिच्या माहेरचे लोक पिढ्यान् पिढ्या माशांना कणकेच्या गोळ्या टाकत आले होते आणि शिप्रेतले ते मासे हाताच्या कोपराएवढे झाले होते. ती रोज सकाळी मोहरीएवढ्या गोळ्या वळून देऊ लागली. मी तज्ज्ञ म्हणून त्यात थोडं बेसन सुचवलं आणि वर उकडलेला पालक. बाबांनी फक्त पाहिलं. आईच्या हातचं जे ताटात पडेल ते खायची त्यांना सवय होती, माशांनाही होईल असं त्यांना वाटलं असावं.

दोनेक महिन्यांत मासे फिके पडले. शेंदरीचा नारिंगी झाला, नारिंगीचा उतरत उतरत ताकातल्या हळदीसारखा झाला. एका सकाळी बाबा टाकीसमोरून उठले आणि म्हणाले, "ह्यांचो रंग गेलो रे." बाबा मालवणी बोलले की आम्ही दोघं सावध व्हायचो. संध्याकाळी ट्रंक पुन्हा कोपऱ्यात होती. मासे पांढरे पडले तर बाबा जाणार, हे घरात कुणी बोलून दाखवलं नाही, पण आईसुद्धा आता माझ्याआधी टाकीत डोकावू लागली.

मग मी विद्वत्ता सुरू केली. पहिला सिद्धांत प्रकाशाचा. समुद्रात ऊन वरून येतं आणि आमच्या बैठकीत पिवळा बल्ब, म्हणून डोळ्यांनाच रंग चुकीचा दिसत असेल. मी निळसर ट्यूबलाइट लावली. मासे जरा बरे दिसू लागले, पण घरातली माणसं आजारी दिसू लागली. दुसरा सिद्धांत पार्श्वभूमीचा. माशांच्या कातडीत रंगाच्या पेशी असतात, मागे फिकं काही असलं की त्या आखडतात आणि मासाही फिका दिसतो. हे पुस्तकात होतं आणि खरंही होतं. आमची भिंत पांढरी. मी मागे गडद निळा घोटीव कागद चिकटवला. मासे तसेच राहिले आणि ओलीने कागदाचा रंग मात्र भिंतीवर उतरला. तिसरा सिद्धांत भीतीचा. घाबरलेल्या माशाचा रंग उडतो. उज्जैनमध्ये घर असलं की महाकालाच्या दर्शनाला येणारे नातेवाईक बारा महिने उतरतात, आणि त्यातला प्रत्येक जण काचेवर टकटक करून "जिवंत आहेत का?" विचारत होता. मी पाटी लावली, 'काच वाजवू नये'. ती वाचून झाली की लोक काच वाजवायचे.

सगळे सिद्धांत पुस्तकात बरोबर होते. फक्त आमच्या घराला लागू होणारा सोडून मी बाकी सगळे वापरले होते. तो कुठे होता ते मला बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाच्या वर्गात कळलं. दर वर्षीप्रमाणे मी जुन्या टिपणांवरून उतरवून देत होतो, "फ्लेमिंगो का गुलाबी रंग उसके शरीर में नहीं बनता. वह झींगे जैसे जीव खाता है, रंग वहीं से आता है. चिड़ियाघर में यह भोजन न मिले तो..." आणि मी थांबलो. पहिल्या बाकावरची मुलगी पेन उचलून म्हणाली, "तो क्या सर?" हे वाक्य मी नोकरी लागल्यापासून दर वर्षी लिहून देत आलो होतो. आणि घरी कणीक वळून देत होतो.

आईला समजावायला मी फळा तेवढा आणला नाही. शेंदरी रंग माशाला स्वतः बनवता येत नाही, तो त्याला खाऊनच मिळवावा लागतो, आणि कणकेत तो नाही. आईने सगळं ऐकून घेतलं, कोपऱ्यातल्या ट्रंकेकडे पाहिलं आणि अटी घातल्या. डबा मागच्या अंगणात, भिंतीवरच्या फळीवर. चमचा वेगळा. हात साबणाने धुतल्याशिवाय उंबरठ्याच्या आत पाय नाही. बाबांच्या ओळखीच्या एका गार्डने मुंबईहून बिनमिठाचा वाळवलेला जवळा आणून दिला. जवळा म्हणजे तांदळाच्या दाण्याहून जेमतेम मोठी कोळंबी. बाबांनी डब्याचं झाकण उघडलं आणि त्यांना एकदम खोकल्याची उबळ आली. मी पाणी आणून दिलं.

माशांना घालायचं काम बाबांकडे गेलं. ते सकाळी अंगणात जात, चिमूटभर जवळा भिजवून आणत, आणि ह्या चिमटीला त्यांना बराच वेळ लागे. मी माझ्या माशांत गुंग होतो. आधी कल्ल्यांजवळ, मग पाठीवर, रंग परत येत होता. पावसाळा संपेपर्यंत दोघेही पुन्हा लालबुंद शेंदरी झाले. विभागप्रमुखांना मी घरी बोलावून दाखवले. ट्रंक पलंगाखाली गेली, आणि आपण जिंकलो असं मी मनात ठरवून टाकलं. गोड काही करायचं का, असं मी आईला विचारलंही.

ती देवघरातून उठून आली होती आणि बाबा अंगणात होते. ती मला स्वयंपाकघराच्या खिडकीशी घेऊन गेली.

"पहा," ती हळू आवाजात म्हणाली. "तुला तर फक्त मासे दिसतात. मी रोज पाहते. डबा उघडतात, नाकाशी धरतात, पुन्हा बंद करतात. मग परत उघडतात. एक दाणा तोंडात नाही टाकला त्यांनी. मी खिडकीत आहे हे माहीत नसतं, तरी पण नाही."

बाबा खरंच डबा नाकाशी धरून उभे होते. डोळे मिटलेले होते. मी माझ्या वडिलांकडे इतका वेळ कधी पाहिलं नव्हतं. केस, कातडी, ओठ, सगळ्यावर एक फिकेपणा होता, आणि तो मला वयाचा वाटत आला होता.

"इतकी वर्षं मी त्यांना कणकेच्या गोळ्याच घातल्या की," आई म्हणाली.

मला काहीतरी शास्त्रीय बोलायचं होतं, की माणसाचं तसं नसतं, माणसाला कोळंबीवाचून चालतं. तेवढ्यात तिने विचारलं, "तिकडे गावी लौकीची भाजी मिळते ना रे? नाही मिळत तर मी लावून घेईन. वासाची सवय होईल हळूहळू. त्यांना झाली होती ना आपली."

"आई, तुला नाही सहन होणार," मी म्हणालो. माझ्या आवाजात तिची काळजी कमी आणि माझीच जास्त होती, आणि ती तिला ऐकू आली. तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "तू चहा करायला शीक."

बाबांना रेल्वेचा पास होता, पण आरक्षणाच्या रांगेत कुणालातरी उभं राहावंच लागतं. एका माणसाला घरात थांबवायला मी आख्खा समुद्र आणला होता, आणि आता दोघांची जागा राखायला मीच स्टेशनवर उभा होतो. घरी मासे छान रंगात होते. रांगेतल्या पुढच्या माणसाने डोळ्यांना काय झालं विचारलं तेव्हा मी सर्दी झाल्याचं सांगितलं, पण सर्दी नव्हती. नंबर आला. खिडकीतल्या बाबूने पास पाहिला, दोन्ही नावं भरली आणि मान वर न करता विचारलं, "वापसी का भी बना दूँ?"

हे मी घरी विचारून आलो नव्हतो. विचारायची गरजही नव्हती.

"नहीं," मी म्हणालो, "सिर्फ जाने का."