वाटी फिरताना आवाज काढायचा नाही

मामा गेल्याचा निरोप त्याच्या धाड गावाहून आमच्या चिखलीला आलेल्या एसटीच्या कंडक्टरनं आणला. आई भाकरी थापत होती, डाव्या हातानं. तिनं तव्यावरची भाकरी उलटली, चूल विझवली आणि म्हणाली, "चाल." रडली नाही. मीही रडले नाही, पण माझं कारण वेगळं होतं. मला हा माणूस कधीच आवडला नाही, आणि मेला म्हणून आता आवडायला लागलाय असंही नाही.

मामाचं नाव पंचक्रोशीत होतं. पाय मुरगळला, पाठीत उसण भरली, मान आखडली की बाजाराच्या दिवशी लोक त्याच्या ओसरीवर येऊन बसत. तिळाचं तेल लावून काशाच्या वाटीच्या बुडानं तो दुखरी जागा घासायचा. तेल काळं पडलं की बोटावर घेऊन चारचौघांना दाखवायचा, "पाहा, दुखणं उतरून राह्यलं." काशाची वाटी धडधाकट पायावर घासली तरी तेल तेवढंच काळं होतं, मी घरी करून पाहिलं होतं. आखडलेल्या पाठी मोकळ्या व्हायच्या, हे नाकारत नाही. तेवढ्यावर तो थांबला असता तर मी हे लिहायला बसलेच नसते. पण त्याचा एक नियम होता. वाटी फिरत असताना तोंडातून आवाज काढायचा नाही. आवाज निघाला की गुण गेला. काय सोयीचा नियम... बरं वाटलं तर वाटीचं नाव, नाही वाटलं तर, "काऊन वरडला बे? आता मी काय करू?" आणि तो बिचारा खाली मान घालून लंगडत घरी जायचा.

मी लहान असताना आई माहेरी बैलगाडीतून उतरताना उजव्या हातावर पडली. मनगट टम्म फुगलं. वडील बुलढाण्याच्या दवाखान्यात नेतो म्हणाले, तर मामा उखडला. भाऊ असताना बहीण डॉक्टरच्या दारात गेली तर लोक काय म्हणतील, ही त्याची काळजी. हाड मोडलं होतं हो... त्यावर त्यानं रोज वाटी घासली. आईनं पदराचा बोळा दातांत धरला आणि भावाचा शब्द खाली पडू दिला नाही. मनगट वाकडं जुळलं ते कायमचं. "कधी तरी कण्हली असशीन," मामा एवढंच म्हणाला.

गेल्या उन्हाळ्यात तो स्वतः ओट्यावरून घसरला. घोटा सुजला. तेव्हा मात्र वाटी कोनाड्यातच राहिली आणि साहेब जीप करून थेट बुलढाण्याच्या दवाखान्यात. प्लास्टर घालण्याआधी डॉक्टरांनी पाय ओढला तसा मामा इतका बोंबलला की सगळा वॉर्ड उठून बसला. उशाशी आई होती. वाकडा हात त्याच्या कपाळावर ठेवून ती हळूच म्हणाली, "वरडू नोको दादा. गुण जाते." त्यानं भिंतीकडे तोंड फिरवलं. टोमणा होता की माया, मी तिला विचारलेलं नाही. मला टोमणाच हवा होता. पाय पुढे अगदी सरळ जुळला. मेला तो छातीच्या दुखण्यानं.

तेराव्याला मामीनं ती वाटी आईला दिली. मी म्हणाले, मोडीत घाल. तिनं ती चुलीजवळच्या फळीवर ठेवली. थंडी पडली की तिचं मनगट ठणकतं. परवा तिनं तेल आणि वाटी माझ्यापुढे सरकवली, "घास वं जरा." मी घासू लागले. तेल काळं पडलं.

"दुखते का माय?"

तिनं मान हलवली. हो.

"मंग वरड ना. आता कोन आहे आयकाले?"

आईनं पदराचा बोळा केला आणि दातांत धरला.