शांतम्माअक्काची गिनती

आमची शांतम्माअक्का छावण्यांत वाढली आणि मी, तिचा धाकटा भाऊ बसू, गावात. वडील फौजेत हवालदार. आई न् अक्का त्यांच्यामागं बेळगाव, जबलपूर हिंडायच्या. मला मात्र आजोबांनी औशाजवळच्या आमच्या गावातून हलू दिलं नाही. म्हणून तिला बुटांना पॉलिश करता यायचं आणि मला चिंचेवर चढता यायचं. सुट्टीत आली की ती आम्हा भावंडांना ओसरीवर रांगेत उभं करून गिनती घ्यायची. एक, दोन, तीन. आजी म्हणायची, "पोरगी हाय का सुभेदार?"

भाऊजी गेल्यावर अक्कानं लातुरातल्या घरात बारावीच्या मुली राहायला ठेवल्या. क्लासेसचा जोर तेव्हा नुकता वाढत होता. अकरा मुली, प्रत्येकीला नंबर. रोज संध्याकाळी अंगणात गिनती. क्लासहून कुणाला उशीर झाला की मैत्रीण तिचाही नंबर बोलून टाकायची. अक्काच्या हे ध्यानात येत नाही, असं मुलींना वाटायचं, आणि खरं सांगायचं तर मलाही.

त्र्याण्णवचा भूकंप झाला. घाबरून गावी गेलेल्या मुली परीक्षेच्या काळजीनं पंधरा दिवसांत परत आल्या. मागची दगडमातीची खोली उकलली होती. अक्कानं तिच्या दाराला आडवी दोरी बांधली आणि बजावलं, "गवंडी येईस्तोवर दोरीपल्याड कुणी जायचं न्हाई." काही मुलींच्या वह्या आतच राहिल्या होत्या.

मी तिला भेटायला गेलो, त्या दिवशी पाचच्या सुमाराला जमीन गुरगुरली. फडताळातली भांडी वाजली. सगळ्या अंगणात धावल्या.

"गिनती," अक्का म्हणाली.

एकपासून अकरापर्यंत नंबर आले. मी केळं सोलायला घेतलं.

"परत."

परत अकरा. अक्का रांगेसमोर येऊन थांबली. "सात नंबरला सर्दी हाय. अकराचं नाक कवापासून चोंदलं?"

सात नंबर म्हणजे श्रद्धा. तिनं मान खाली घातली. पहिल्यांदा ती सवयीनं बोलली होती, दुसऱ्यांदा भीतीनं. "मावशी, मंजुषा वही आणायला मागं गेलीय."

आम्ही मागं पळालो. चौकट खचून दार गच्च बसलं होतं. आतून बिलोलीच्या मंजुषाचा आवाज आला, "मावशी, दार हलंना." मी खांदा लावणार, तेवढ्यात अक्कानं माझी कॉलर धरली.

"बसू, ढकलू नको. भिंत त्या दारावरच टेकलीय."

उरली खिडकी. लाकडी गज, पलीकडं फुगलेली भिंत. मी पहार घातली. दर हिसक्याला वरून माती गळायची आणि माझा हात थांबायचा. अक्का आत बघून अगदी सावकाश बोलत होती, "मंजू, खाली बस. डोक्यावर हात ठिव. माझ्याकडं बघ." दुसरा गज निघाला. पोरगी डोकं न् खांदे काढून अडकली. छातीशी वही धरलेली.

"वही टाक."

"मावशी, वर्षाचं सगळं ह्याच्यात..."

"टाक म्हणलं ना."

वही आत पडली आणि आम्ही पोरगी बाहेर ओढली. भिंत तेव्हा पडली नाही. तिसऱ्या दिवशी गवंड्यानं नुसता हात लावला आणि ती बसली.

अंगणात अक्कानं पुन्हा गिनती घेतली. या वेळी अकरा नंबरचा आवाज धुळीनं घोगरा होता. तो ऐकला आणि अक्का जमिनीवरच बसली. रांगेपुढं बसलेली मी तिला पहिल्यांदाच बघत होतो. श्रद्धा मार खायच्या तयारीनं पुढं आली.

"तुझं काय चुकलं गं," अक्का म्हणाली. "एक जण दोन नंबर बोलती, हे मला पहिल्यापासून ठावं होतं. पोरीच हायती म्हणून चालू दिलं. बाबांनी एक दिवस चालू दिलं नसतं."

त्या दिवसापासून नंबर बंद झाले. ती रांगेतून चालायची आणि एकेकीच्या डोक्यावर हात ठेवून मोजायची. शेवटपर्यंत तसंच.

अक्का जाऊन चार वर्षं झाली. नातवंडं सुट्टीला आली की मी तशीच मोजतो. नात उर्वी म्हणते, "आजोबा, आम्ही तिघंच तर आहोत. मोजायचं काय त्यात?"

"तरी," मी म्हणतो, आणि डोक्यावर हात ठेवतो.