अर्थिंगचा आडोसा

शहापूरहून मुरबाडकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला एक शाळा होती. तिथे मी काही वर्षं शिकवत होते. त्या शाळेची आठवण निघाली की मला आजही आधी वास येतो आणि मग बाकीचं आठवतं. वास शाळेच्या मागच्या भिंतीचा. पोरं, शिपाई, मास्तर, खुद्द मुख्याध्यापक, सगळे तिथेच उभे राहायचे. मुलींना आणि आम्हा दोघी शिक्षिकांना मात्र आडोसा म्हणून काही नव्हतं. सकाळपासून पाणी प्यायचं नाही, एवढीच आमची सोय.

नववीतली एक उंच मुलगी सापगावच्या बाजूने चालत यायची. उन्हातून तापून आली तरी वर्गाबाहेरच्या माठाकडे ढुंकून बघायची नाही. महिन्यातले चार दिवस तर घरीच. "बाई, आई बोलते पुढच्या वर्षी शाळा नको," असं तिने मला खाली मान घालून सांगितलं होतं. मी मुख्याध्यापकांकडे किती वेळा गेले असेन. "सर, मुलींसाठी कुठेतरी आडोसा करा." त्यांचं उत्तर ठरलेलं. "बाई, जागा कुठंय?" शाळेभोवती नजर पोचेल तिथपर्यंत माळ पडलेला, आणि या माणसाला जागा दिसत नव्हती!

कॉम्प्युटरला मात्र जागा मिळाली. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मुंबईच्या कुठल्याशा कंपनीने आपल्या अडगळीतलं यंत्र आम्हाला दान केलं. तेव्हाच ते म्हातारं झालं होतं. तरी त्याच्यासाठी एक वर्ग रिकामा झाला, खिडकीला पडदे लागले, दसऱ्याला हार-कुंकू झालं. आत जाताना चपला बाहेर काढायच्या, कारण ती सरस्वती. मुख्याध्यापक स्वतः बूट घालून आत जायचे, ते वेगळं.

त्या यंत्राची एकच करामत होती. सीडी घातली की ते इंग्रजी शब्द खणखणीत बोलून दाखवायचं. पोरं जीव तोडून ऐकायची. फक्त उन्हाळ्यात, सोमवारी सकाळी, स्पीकरमधून माशी घोंघावल्यासारखा आवाज यायचा. मधली सुट्टी झाली की तो आपोआप जायचा. का येतो, का जातो, कोणी विचारलं नाही.

मग निरोप आला की परीक्षेआधी दान देणारे साहेब शाळा बघायला येणार. मुख्याध्यापकांना एकदम नाक आलं. साहेबांना वास येईल! मुतारी बांधायची सोडून त्यांनी मागच्या भिंतीवर देवांची चित्रं असलेल्या फरशा लावून घेतल्या, ओळीने, कमरेच्या उंचीवर. देवापुढे कोण उभं राहणार? पुरुषमंडळी दुसऱ्या दिवसापासून करवंदीच्या जाळीमागे जायला लागली. त्यांना जागेची ददात कधीच नव्हती.

आणि आठवड्याभरात कॉम्प्युटर बिघडला. सोमवारचा घोंघाट रोजचा झाला, दिवसभर टिकायला लागला. शब्द त्यात बुडून जायचे. मधेच कॉम्प्युटरचा पडदा काळा व्हायचा आणि यंत्र आपलं आपण परत सुरू व्हायचं. कॉम्प्युटरच्या पेटीला हात लावला की मुंग्या यायच्या. अनवाणी पोरं हात झटकून हसायची, मुली किंचाळून मागे सरकायच्या. "बाई, चावतंय ते!" मुख्याध्यापक म्हणाले, "पोरींना नाय जमत हे. फक्त पोरांना बसवा." माझं डोकं फिरलं.

मी पेटी उघडली. आत उंदराचा संसार. कापूस, कागदाचे कपटे, लेंड्या, फ्लॉपीच्या फटीतून आत गेलेल्या दसऱ्याच्या अक्षता. पॉवर सप्लायच्या डब्यात एक पाल वाळून पापड झाली होती. नाकाला पदर लावून मी सगळं साफ केलं. इतकं करून घोंघाट तसाच. मग कल्याणहून मेकॅनिक आला. त्याने पॉवर सप्लाय बदलला, आवाजाचं कार्ड बदललं, आणि जाताना सांगितलं की मशीनच जुनी आहे, तिचं काही खरं नाही.

माझे वडील वाशिंदच्या एका कारखान्यात वायरमन होते. त्यांचा जुना टेस्टर मी घरून आणला आणि पेटीला लावला. दिवा लागला. म्हणजे यंत्रात झिरपणारा करंट जमिनीत जात नव्हता, पेटीवरच साचत होता. तोच मुलींना चावत होता आणि तोच स्पीकरमध्ये घोंघावत होता. अर्थिंगची हिरवी वायर धरून मी खिडकीबाहेर गेले, भिंतीच्या कडेने वळले, आणि जिथे पोचले तिथे मला शिसारी आली. अर्थिंगचा खड्डा नेमका त्या भिंतीखाली होता.

अर्थिंगचं साधं आहे. मीठ-कोळशात पुरलेली पट्टी ओली राहिली पाहिजे, तरच ती काम करते. पावसाळ्यात प्रश्न नाही. पण उन्हाळ्यात तो खड्डा आजवर कोण ओला ठेवत होतं, हे माझ्या ध्यानात आलं. रविवारी सुट्टी, म्हणून सोमवारी घोंघाट. मधल्या सुट्टीनंतर शांत. देवांच्या फरशा लागल्या आणि खड्डा ठणठणीत कोरडा पडला. म्हणजे आमची सरस्वती इतकी वर्षं पुरुषांच्या मुतावर बोलत होती. थू!

मी सरळ मुख्याध्यापकांकडे गेले. म्हटलं, "सर, भिंतीपाशी मुलींची मोरी करा. सांडपाणी खड्ड्यात जाईल, मुलींचीही सोय होईल."

त्यांनी तोंड वाकडं केलं. "छी! सरस्वतीच्या वायरीवर पोरी बसणार? काय बोलता बाई!" मग क्षणभर विचार करून म्हणाले, "पाणीच पाहिजे ना? मग पोरींना सांगा, विहिरीवरून कळशा आणून ओततील."

दुसऱ्या दिवसापासून मुली कळशा वाहायला लागल्या. विहीर आटत आलेली, दोर तळाला लागायचा. ती उंच मुलगी कळशी घेऊन येताना मी पाहिली. ओठ फुटले होते. डोक्यावर पाणी, ते यंत्राला. स्वतः घोटभर प्यायची नाही. मला संताप आला.

सांगून उपयोग नव्हता. शहाण्याला शब्दाचा मार, पण इथे शहाणं होतं कोण? मी परत गेले. "सर, नुसतं पाणी पुरत नाही. उन्हाने लगेच सुकतं. अर्थिंगला चारी बाजूंनी आडोसा हवा, खाली उतरती फरशी हवी. आणि करंटचं काम, मुली पाणी घालतील तेवढ्याच आत जातील. बाकी कोणी फिरकायचं नाही."

त्यांचा चेहरा गंभीर झाला. अर्थिंग कशाशी खातात हे त्यांना ठाऊक नव्हतं, पण साहेब येणार होते. "वर छप्पर पण पाहिजे का?" त्यांनी विचारलं.

"असलेलं बरं," मी म्हटलं.

दोन दिवसांत बांबूचे तट्टे आले, वर पत्रा आला. खड्ड्याच्या वरच्या अंगाला उतरती फरशी बसली. मुख्याध्यापकांनी पुढे होऊन दारावर लाल अक्षरांत लिहून घेतलं: धोका, जवळ जाऊ नये. खाली कवटी.

मुली दाराशी घुटमळल्या. "बाई, आत देव हायेत ना." मी एक गोणपाट आणलं आणि भिंतीवरच्या देवांच्या फरशांवर टांगलं. मुलींसाठी मागितली तेव्हा तसूभर जागा नव्हती, यंत्रासाठी मागितली तेव्हा छपरासकट मिळाली. गोणपाट बांधताना हेच डोक्यात होतं, आणि दातओठ खात मी गाठी मारत होते.

साहेब आले. सीडी लागली. घोंघाट नव्हता. एकेक शब्द स्वच्छ. टाळ्या झाल्या. मग शाळा दाखवताना साहेबांनी मागे बोट केलं, "ते काय?"

"अर्थिंग, साहेब," मुख्याध्यापक छाती काढून म्हणाले. "एकदम पक्कं केलंय."

तेवढ्यात ती उंच मुलगी तट्ट्याचं दार ओढून बाहेर आली. आमच्यासमोरून चालत माठाकडे गेली, आणि पेला भरून गटागटा पाणी प्यायली. मग तिने दुसरा पेला भरला.