मास्टरकाकांचा आकडा

मास्टरकाका फोनवर कशालाही "हो, बेस" म्हणत. धाप लागते का? हो, बेस. कफाचा रंग बदलला का? हो, बेस. मी सुरतेतल्या एका दवाखान्यात फुप्फुसाच्या जुन्या रुग्णांवर दुरून लक्ष ठेवणारी नर्स. त्यांनी घरी बोटाला चिमटा लावायचा, रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा मोबाइलवरून माझ्या पडद्यावर यायचा आणि मग मी फोन करायचा, अशी व्यवस्था. इकडे आकडा घसरत चाललेला आणि काका आपले बेस. माझा सकाळचा चहा रोज गार व्हायचा.

शेवटी काकूंनी फोन हातात घेतला. "ताई, त्यासले ऐकू येत नही. जलम खातामा गया." खातं म्हणजे बमरोलीतला लूमचा कारखाना. काका तिथे मास्टर होते, म्हणून ते सगळ्यांचे मास्टरकाका.

मग मी व्हिडिओ कॉल लावला, तर काकांचं पहिलंच फर्मान आलं, "तोंडावरचं ते फडकं काढा. ओठ दिसू द्या." लूमच्या खडखडाटात ही माणसं ओठ वाचतात आणि हातांनी बोलतात. मीही शिकले. दोन बोटं झटकली की धागा तुटला. काकांच्या बाबतीत, बोलता बोलता दम तुटला. पंजा आडवा फिरवला की मशीन बंद करा. बसून बोलणं त्यांना ठाऊकच नव्हतं. ते खोलीत येरझारा घालत, मोबाइल धरून काकू मागे मागे, आणि मला निम्मा वेळ हलणारी भिंत दिसे. "बसा हो जरा," म्हटलं, तर म्हणत, "बसला तो मास्टर कसला?"

थंडीतल्या एका सकाळी आकडा सुरेख आला. मला बरं वाटायला हवं होतं, पण घसरता आकडा एका रात्रीत इतका कसा सुधारला, म्हणून चैन पडेना. कॉल लावला तर काकांचा पंजा आडवा फिरत होता. आकडा ठणठणीत आणि माणसाचे ओठ निळे. मी आधी ॲम्ब्युलन्स पाठवली, मग डॉक्टरांना सांगितलं. काकूंनी खुलासा केला, "थंडीमा त्यासना बोटवर आकडा उनाच नही. मंग त्यासनी मन्हं बोट घालं."

काका वाचले. वॉर्डात जाऊन मी त्यांना चांगलंच झापलं. ऑक्सिजनचा मास्क बाजूला करून ते म्हणाले, "मशीन रिकामं ठेवायचं नाही, ताई. पाळी कोरी गेली तर शेठला काय तोंड दाखवायचं?" त्यांच्या लेखी शेठ मी होते. राग आला होता, तो तिथेच विरघळला. पुन्हा दुसऱ्याचं बोट लावणार नाही, असं मात्र मी त्यांच्याकडून कबूल करून घेतलं.

पुढे सुरतेची हवा सोसेना म्हणून दोघं नंदुरबारकडच्या गावी गेली. तिथे रेंज येऊन-जाऊन. आकडा कधी येई, कधी नाही. नाही आला की मी घरच्यांवर खेकसायची, भाजी करपवायची, सुट्टीच्या दिवशीसुद्धा मोबाइल उघडून बघायची. मग बरेच दिवस काहीच आलं नाही. फोनही लागेना.

एका सकाळी आकडा आला. फारच चांगला होता. बघताक्षणी मी कॉल लावला.

कॉल लागला. पडद्यावर काकू एकट्याच होत्या, बोटाला चिमटा लावलेल्या. मागची भिंत हलत नव्हती.

"काका?" मी विचारलं.

"ग्यात," त्या म्हणाल्या. "मशीन रिकामं ठेवानं नही, सांगी ग्यात."

मी सवयीने तोंडावरचा मास्क काढला. मग मी पंजा वर केला आणि हळूच आडवा फिरवला. काकूंनी बघितलं, आणि चिमटा बोटावरून काढून ठेवला.