कानाशी केलेलं भाषण

आज पक्षाच्या जिल्हा कचेरीतला कार्यकर्ता कुंकवाचा डबा माझ्यापुढं ठेवून म्हणाला, "ताई, मेळाव्यात भाषण साहेब करतील. तुमी फकस्त बायकांना हळदीकुंकू लावा." डबा उघडला. त्या कोरड्या वासानं मला थेट धारूरला, मावशीच्या ओसरीवर नेलं.

निजामाचं राज्य होतं. सभेला परवानगी मिळत नसे, म्हणून मावशीनं हळदीकुंकू ठरवलं. दहा वर्षांची मी करंडा धरून तिच्या शेजारी उभी होते. इतक्यात पोलीस जमादार दारात आला. "काय चाललंय, बाई?"

"हळदीकुंकू हाय. तुमच्या मंडळींनाबी धाडा की!"

तो ओशाळून गेला. मग मावशी एकेकीसमोर वाकली. हळद लावता लावता एकीच्या कानाशी म्हणाली, "पोरीला साळंत घाल." दुसरीला म्हणाली, "वेठीला जाऊ नगंस." तिसरीला, "भिऊ नगंस, आमी हावोत." प्रत्येकीच्या वाट्याला एकेक वाक्य आलं. सबंध भाषण ऐकलं ते मी एकटीनं.

तेव्हा वाटलेलं, राज्य बदललं की आपण चौकात मोठ्यानं बोलू. राज्य बदललं. मी दोनदा निवडून दिल्लीला गेले.

"कावून रे, मी बोलले तर काय होईल?" मी कार्यकर्त्याला विचारलं. थट्टा समजून तो हसला.

मी डब्याचं झाकण आपटलं. निजामाच्या त्या जमादाराला निदान संशय तरी आला होता, की या बाईला काही बोलायचं असेल.