पूजेतलं सुई कापायचं मशीन

अंबडमधल्या खासगी दवाखान्यांचा कचरा गोळा करून तो नष्ट करणाऱ्या कारखान्यात पोचवणं हा माझा धंदा. गाडी माझी, घाम माझा. कुंभार पिंपळगावच्या बाजारात कोथिंबिरीच्या जुड्या विकत मी भाव करायला शिकलो. तरी एका डॉक्टरांनी मला घासाघिशीत हरवलं, ते मी अजून विसरलेलो नाही. वर ते मला ‘कचरेवाले’ म्हणत. कचरा त्यांचा, नाव मला.

एका सकाळी त्यांच्याकडची लाल पिशवी उचलताना माझ्या ड्रायव्हरच्या तळहातात सुई घुसली. लाल पिशवी सलाइनच्या नळ्यांसाठी असते. सुया कापून पांढऱ्या टणक डब्यात टाकायच्या असतात. ही कुणाला टोचलेली होती, देव जाणे. ड्रायव्हरचं नुकतंच लग्न झालेलं. तो पांढराफटक पडला.

मी तडक केबिनमध्ये घुसलो.

“सुई कापायचं मशीन न्हाई का तुमच्याकडं?”

“आहे की! चांगल्या कंपनीचं आहे,” डॉक्टर दुखावल्या स्वरात म्हणाले.

त्यांनी कपाट उघडलं. मशीन देवासारखं बसलं होतं. खंडेनवमीचा झेंडू वाळलेला, माथ्यावर हळदकुंकू, अंगावरचं नवेपणाचं प्लॅस्टिक जसंच्या तसं.

“वापरत का न्हाईत?”

“खराब होतं ना,” सिस्टर म्हणाल्या. “तपासणीवाले आले की दाखवावं लागतं.”

“मंग पूजा कशाची केली? आरामाची?” माझा आवाज बाहेरच्या बाकांपर्यंत गेला. “हे चालू होईस्तोवर मी कचरा उचलत न्हाई. ठेवा कपाटात, त्यालाही हार घाला!”

“आधी तुमच्या ड्रायव्हरला धनुर्वाताचं इंजेक्शन देऊ,” म्हणत डॉक्टरांनी विषय बदलला. त्याला आत बोलावून इंजेक्शन दिलं आणि सवयीनं सुई घेऊन हात लाल पिशवीकडे नेला.

“ओ डॉक्टर, मशीन!” दारातून बघणारी एक म्हातारी ओरडली. बाकं हसली. डॉक्टरांनी चरफडत प्लॅस्टिक फाडलं.

ड्रायव्हरला मी स्वतः जालन्याच्या सरकारी दवाखान्यात नेलं. एचआयव्हीची लागण होऊ नये म्हणून गोळ्या सुरू झाल्या. रक्ताच्या तपासण्या संपेपर्यंत त्यानं बायकोला माहेरी ठेवलं. कारण सांगायची त्याची हिंमत झाली नाही. शेवटचा रिपोर्टही चांगला आला, तेव्हा तो गाडीच्या दाराला टेकून रडला.

मी डॉक्टरांना कळवलं.

“बघा,” ते म्हणाले, “काही झालं नाही. उगाच तमाशा केलात.”

आता त्यांच्याकडं गेलो की मी आधी पांढरा डबा हलवतो. कापलेल्या सुया खुळखुळल्या तरच ड्रायव्हरला पिशवीला हात लावू देतो. पेशंटसमोर असा डबा हलवणं डॉक्टरांना अपमान वाटतो. वाटू द्या.